दसऱ्याला पुजलेल्या डिस्क

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो. तिथल्या एका गल्लीत नानांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. नानांनी मुंबईहून जुना सर्व्हर आणला होता, तीन डिस्कचा. प्रत्येक गाण्याचे तुकडे तिन्ही डिस्कवर वाटले जायचे आणि एखादी बिघडली तरी उरलेल्या दोन्हींवरून सगळं परत उभं राहायचं. नानांचा त्याच्यावर भारीच विश्वास. गाणी आत चढली की मूळ टेपवर खुशाल दुसऱ्याचं रेकॉर्डिंग करायचे. "टेपा काय झाडाला लागतात?" म्हणायचे.

नरडाण्याकडचे एक मास्तर भीमगीतं गायचे. ते नानांकडे गाऊन गेले आणि कॅसेट निघायच्या आतच काविळीने वारले.

मग दसरा आला. सर्व्हरच्या पेटीला हार घालून भागलं असतं, पण छे! नानांनी तिन्ही डिस्क ओढून काढल्या, पुसल्या, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी हाताला येतील तशा आत सरकवल्या. क्रम चुकला. मशीनला वाटलं, डिस्क बिघडली. नवीन करून घेऊ का, असं त्याने विचारलं आणि नानांनी 'हो' दाबलं. हात दाखवून अवलक्षण! मशीन दिवसभर चुकीच्या तुकड्यांवरून नवे तुकडे लिहीत राहिलं.

मला बोलावलं तेव्हा मी नानांना वाट्टेल ते बोललो. वयाने मोठे होते, तरी बोललो. ते एवढंच म्हणाले, "अरे, मशीनचे दिवे तर हिरवेच होते रे."

मी डिस्क पुन्हा क्रमाने लावल्या. फायलींची नावं सगळी दिसली, माझा जीव हरखला. पहिलं गाणं लावलं, नुसती खरखर. दुसरंही तसंच. फोडणीत पाणी पडल्यासारखा आवाज. एकच फाईल धड वाजली. एवढीशी होती, एकाच डिस्कवर मावलेली, म्हणून वाचली. तिच्यात मास्तर खाकरतात आणि म्हणतात, "थांबा. सूर खाली गेला. पुन्हा घेऊ."

मास्तरांच्या बायकोला नानांनीच निरोप धाडला, पण तोंड दाखवायला थांबले नाहीत. बाई आल्या, खुर्ची असून खाली बसल्या. घरी मास्तरांचा फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. गाणी गेली हे सांगायची माझी हिंमत होईना. मी आधी ती छोटी फाईल लावली.

बाईंनी पदर तोंडाला लावला. "त्यास्नाच आवाज शे," म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग म्हनं ना त्यास्नी गानं?"

"म्हटलं, अक्का. फार सुंदर म्हटलं."

"मंग लाव ना, भाऊ."