पालू खायच्या आधी

सबंध कोकण किनाऱ्यावर मासा आमिष खायच्या आधीच गळ ओढणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या, ताईच्या, वाट्याला आला आहे. बाकीचं जग गळ टाकतं, वाट बघतं आणि मासा लागला की ओढतं. आमच्या भावोजींना ही पद्धत अडाणीपणाची वाटते. ‘‘खाल्ल्यावर काय, खंयचोय गाढव ओढीत,’’ असं ते म्हणतात. ‘‘पालू खाता तेव्हा ओढलंस तर गेलंस. तो खातलो असा दिसला काय ओढूक व्हया.’’ मी कुडाळच्या शाळेत मुलांना व्याकरण शिकवतो. ‘खाता’ हा वर्तमानकाळ आणि ‘खातलो’ हा भविष्यकाळ एवढं मला समजतं, पण भविष्यकाळात मासे पकडणारा इसम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पालू हा खाडीतला मासा. रंगाने करडा-रुपेरी, पाठीवर काटे आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आपल्याला फसवायला टपलं असल्याचा भाव. पुलाच्या नाही तर धक्क्याच्या खांबांना जी शिंपली चिकटलेली असतात ती, आणि त्यांच्या आडोशाला राहणाऱ्या बारक्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, हे त्याचं जेवण. तेवढ्यासाठी देवाने त्याच्या तोंडात चक्क दाढा बसवल्या आहेत. त्या दाढांनी तो गरीवरची, म्हणजे गळाच्या आकड्यावरची, कुर्ली असा अलगद सोलून नेतो की वर पुलावर उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. आपण तासभर मोठ्या आशेने जे धरून बसलेले असतो तो नुसता रिकामा आकडा असतो. भावोजींना पालूबद्दल जो आदर आहे तो त्यांना त्यांच्या एकाही साहेबाबद्दल कधी वाटला नाही.

भावोजी मालवणला वीज खात्यात वायरमन होते, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान खांबावरच तयार झालेलं आहे. ‘‘तारेक हात लावल्यार करंट कळलो, तर तां सांगूक मी हय ऱ्हवतलंय काय? आधी कळूक व्हया!’’ असं म्हणून ते उजव्या हाताची तर्जनी माझ्या नाकासमोर धरत. त्या बोटाचा त्यांना फार अभिमान. घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर शोधण्याआधी ते बोट कपाळाला लागे. आंबा पिकला की नाही, दूध नासणार की नाही, सगळं त्या बोटाला आगाऊ कळे. दूध तरीही नासायचंच, ती गोष्ट वेगळी. पण खाडीवरच्या पुलाच्या कठड्याशी उभं राहून त्या बोटावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, टाकला, की दोन पुरुष खोल, गढूळ पाण्यात, पालूच्या मनात काय चाललंय हे त्यांना समजतं अशी त्यांची खात्री होती. बोटीवर जाणारे आमच्याकडचे लोक पुलावरून गरवणाऱ्याला, म्हणजे गळ टाकून बसणाऱ्याला, रिकामटेकडा समजतात. भावोजी त्यांना हमाल समजत.

त्यांची हत्यारं बघितली तर भंगारवालासुद्धा पुढच्या घरी जाईल. काठी नाही, चक्री नाही. पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा, त्याला गुंडाळलेला जाड तंगूस, आखूड दांड्याची मजबूत गरी, कारण पालूच्या दाढा बारीक गरी चावून वाकडी करतात, आणि गरीच्या अगदी वर हरभऱ्याएवढं शिसं. कुर्लीचा एक पाय मोडायचा, त्या भोकातून गरी घालायची आणि तंगूस खांबाला अगदी घासून सरळ खाली सोडायचा. लांब फेकायचा नाही. ‘‘तो खांबाकडे ऱ्हवता. तुमी दर्यात कित्याक शोधतास?’’ गरवायच्या आधी खांब खरवडायचा, म्हणजे शिंपली फुटून खाली पडतात आणि त्या वासाने पालू जमतात. या खरवडण्यासाठी भावोजींनी लांब बांबूला ताईचं घावन उलटायचं उलथणं बांधलं. पहिल्याच दिवशी ते सुटून खाडीत पडलं. दुसरं आणलं, तेही पडलं. तिसऱ्या वेळी ताईने उलथणं उशीखाली घेऊन झोपायला सुरुवात केली.

पालू लागलाच तर एवढ्या उंचावरून त्याला नुसत्या तंगसावर वर घेता येत नाही, तो झटका देऊन सुटतो. म्हणून सायकलच्या रिंगला जाळं बांधून ती दोरीने खाली सोडायची आणि माशाला त्यात बसवून आणायचं, अशी भावोजींची योजना. एकदा त्यांनी घाईघाईत रिंग सोडली ती पुलाखालून चाललेल्या होडीतल्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गळ्यात उतरली. ‘‘ओ वायरमन!’’ म्हातारा खालून ओरडला, ‘‘माका सोडा, माझ्यात खूप काटे आसत!’’ भावोजींनी वरून त्याची क्षमा वगैरे मागितली नाही. ‘‘हलू नको, माझो पालू जायत!’’ एवढंच ते म्हणाले. पालू अर्थातच गेला होता.

इतकं सगळं करून वर्षाला पालू मिळत चार, फार तर पाच. ताई मासे बाजारातून आणायची आणि सांगायची, ‘‘घराक मासो बाजारातसून येता आणि अक्कल पुलावरसून.’’ एकदा शिरोड्याहून एक तरुण भारी काठी आणि चकचकीत चक्री घेऊन आला. भावोजींच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने तासाभरात दोन पालू काढले. तेही साध्या पद्धतीने, म्हणजे माशाला खाऊ देऊन. मी मुद्दाम भावोजींच्या तोंडाकडे बघत होतो. ते जराही डगमगले नाहीत. ‘‘ते हयचे पालू न्हय,’’ ते मला शांतपणे म्हणाले. ‘‘ते मुंबयचे चाकरमानी आसतले. दिसता तां खातत.’’

असं हे सुखाने चाललं होतं. मग गेल्या वर्षी भावोजींच्या बोटाने दगा दिला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, पण मला दिसायला लागला. आधी तंगूस तर्जनीवरून मधल्या बोटावर गेला. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘त्या बोटाक वायच रजा दिलंय.’’ मग तो करंगळीच्या शेजारच्या बोटावर गेला, मग डाव्या हातात. एका रविवारी मी पुलावर गेलो तर भावोजींनी तंगूस ओठांत धरला होता आणि डोळे मिटले होते. त्यांच्या आयुष्यात ते सलग दोन तास गप्प राहिल्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या रविवारी त्यांनी तो कानाच्या पाळीवरून घेतला होता. येणारेजाणारे स्कूटर थांबवून बघत होते. एकाने, बीएसएनएलची लाइन काय, असंही विचारलं. मला आधी हसू आलं, आणि मग मी मनात हिशेब केला. सहा महिन्यांत एकही पालू लागला नव्हता. एवढंच नव्हे, तर भावोजी ओढतच नव्हते. खायच्या आधी ओढणारा हा माणूस आता मासा खाऊन गेल्यावरही तसाच उभा राहत होता.

त्या आठवड्यात त्यांनी कढत चहाचा पेला नुसता हातात धरून ठेवला आणि बोट भाजल्याचं ताईने बघितलं तेव्हा त्यांना कळलं. ताई त्या दिवशी ओरडली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. साखरेचा आजार भावोजींना दहा वर्षांपासून आहे आणि त्यावर त्यांचा उपाय म्हणजे गोड खाजं खाताना दुसरीकडे बघणं. आम्ही दोघांनी त्यांना कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर घाटावरचे, तरुण आणि सभ्य. भावोजी दवाखान्यात आणि कचेरीत शुद्ध मराठी बोलतात, त्यामुळे ते लगेच परके वाटायला लागतात. ‘‘तशी प्रकृती उत्तम आहे. केवळ एक बोट कामावर येत नाही,’’ त्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि खणातून एक छोटी दांडी काढली. तिच्या टोकाला आखूड पांढरा धागा होता. तो आधी तळव्यांना आणि मग बोटांना टेकवायचा आणि लागला की पेशंटने सांगायचं, अशी ती तपासणी. मी धागा बघितला आणि ताईकडे बघितलं. तो चक्क तंगूस होता. डॉक्टर भावोजींच्या बोटाकडे तो नेऊ लागले, तोच भावोजी म्हणाले, ‘‘लागला!’’

‘‘काका, मी अजून लावलाच नाही,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘लागणार होता,’’ भावोजी म्हणाले.

पुन्हा सुरुवात झाली. आता भावोजी अगदी मन लावून बसले होते, पुलावर तंगूस ओठांत धरून उभे होते तसे. डॉक्टरांनी तर्जनीला तंगूस टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. भावोजी वाट बघत होते. मधल्या बोटाला टेकवला. भावोजी वाट बघत होते. दहा बोटं झाली. शेवटी मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, ‘‘सुरू करताय ना डॉक्टर?’’ ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. साखर आटोक्यात ठेवली तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘पण डॉक्टर, पालू कळेल का?’’ घाटावरच्या डॉक्टरांना पालू कुठला माहीत असायला! त्यांना वाटलं, लाडका नातू असणार. त्यांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने सांगितलं, ‘‘अगदी कळेल. माणसं ओळखायला काहीच अडचण येणार नाही.’’ बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, ‘‘डॉक्टर बरो आसा, पण गरवणारो न्हय.’’ त्यावर आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतर भावोजींनी पुलावर जाणं सोडलं. पाइपचा तुकडा पडवीत खुंटीला लागला. खरं तर ताईला हायसं वाटायला हवं होतं, पण घरात बसलेला वायरमन काय करतो हे तिला माहीत नव्हतं. त्यांनी चालू मिक्सर दुरुस्त करून बंद पाडला. देवघरातला दिवा आणि संडासातला दिवा एका बटणावर आणला. पण हे सगळं करताना त्यांच्या अंगात पूर्वीचा जोर नव्हता. ताईने वाद घातला तर ते ‘‘तू म्हणतंस तां बरोबर,’’ म्हणायला लागले. ‘‘बत्तीस वर्षांत हे कधी माका ‘बरोबर’ म्हणूक नाय रे,’’ ताई मला फोनवर म्हणाली. ‘‘माका भय दिसता.’’ आता मला कबूल करायला हरकत नाही, त्या माणसाच्या बाता ऐकायला मी दर रविवारी एसटीचे धक्के खात मालवण गाठत होतो, आणि त्या बंद झाल्यावर माझे रविवार अगदी अळणी झाले होते.

परवाच्या रविवारी दुपारी मी गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘‘दोघांय पुलार गेली. तुझ्या भयणीन वढून नेल्यान त्यांका.’’ खुंटीवर पाइप नव्हता. मी भराभर पूल गाठला. भरतीचं पाणी चढत होतं. ताई कमरेला पदर खोचून कठड्याशी उभी होती आणि तंगूस तिच्या तर्जनीवर होता. भावोजींनी तिच्या मागून तोच तंगूस दोन्ही मुठींत धरला होता. कळायचं काम ताईचं आणि ओढायचं काम भावोजींचं, अशी वाटणी झालेली दिसत होती.

‘‘खाता हा! खाता हा!’’ ताई ओरडली. भावोजींनी जोरात ओढलं. वर रिकामी गरी आली.

‘‘खाता म्हणान सांगू नको गो, खातलो म्हणान सांग!’’

‘‘तां माका खंयसून कळतला? मी काय वायरमन आसय?’’

दुसरी कुर्ली गेली. तिसरीही गेली. प्रत्येक कुर्लीमागे दोघांचं एक भांडण होत होतं आणि दोघांचेही चेहरे तापून लाल झाले होते. मी बऱ्याच दिवसांनी त्यांना इतकं चांगलं भांडताना बघत होतो, म्हणून जरा अलीकडेच थांबलो.

चौथ्या वेळी ताई बोलता बोलता एकदम थांबली. तिने मान वाकडी केली.

‘‘काय झाला?’’ भावोजींनी विचारलं.

‘‘गप ऱ्हवा. इलो आसा... खाणा नाय. नुसतो हयसर आसा.’’

‘‘कसो लागता?’’ भावोजींचा आवाज अगदी खाली आला होता.

ताई विचार करायला लागली. तिला असल्या गोष्टी बोलायची कधी सवय नाही. ‘‘बारक्या पोराच्या नाकाखाली बोट धरलेला कसा लागता,’’ ती म्हणाली, ‘‘तसा. येता आणि जाता. येता आणि जाता.’’

भावोजींनी डोळे मिटले. आता ते ओढणार म्हणून मी दोन पावलं पुढे सरकलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना हवी होती ती वेळ अगदी हवी तशी आली होती. पण त्यांच्या मुठी हलल्या नाहीत.

‘‘अवो, ओढा मगे! आता खातलो! खातलो म्हणतंय मी!’’

‘‘खावंदे त्याका,’’ भावोजी म्हणाले. ‘‘कसो लागता तां तू माका परत एकदा सांग.’’

ताईने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. मग तिने पुन्हा पाण्याकडे तोंड केलं आणि हळूहळू, एकेक शब्द शोधत, त्यांना सांगायला लागली.