डॉक्टरबाईंची जनावरं

“थांबवा,” डॉक्टरबाई हात वर करून म्हणायच्या, आणि पडद्यावरचा राक्षस उचललेल्या पायानिशी तसाच थांबायचा. खाली शहर पळत असायचं, वर विमानं घिरट्या घालत असायची, आणि मुरुडच्या आमच्या लॉजच्या जेवणघरात डॉक्टरबाई चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ जायच्या.

“आता बघा. एवढं मोठं धूड आणि तोंड एवढंसं. दिवसभर खात बसलं तरी याचं पोट भरायचं नाही. इमारती कशाला मोडतोय म्हणून सगळे ओरडतायत. उपाशी आहे का, हे कुणी बघितलं का?”

मग त्या जागेवर येऊन बसायच्या आणि हमीदभाईंना सांगायच्या, “हं, चालू द्या.”

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादं माणूस असं असतंच, की ज्याचं वेड पहिल्यांदा ऐकलं की आपण मनातल्या मनात हसतो. मीही हसले होते. डॉक्टरबाई म्हणजे गुरांच्या डॉक्टर. सरकारी दवाखान्यात बदली होऊन आल्या, तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या परभणीकडच्या. क्वार्टर गळतंय म्हणून आमच्या लॉजवरची मागची, नारळाच्या वाडीकडची खोली त्यांनी महिन्यावर घेतली. सामान म्हणजे एक बॅग, औषधांची पेटी, आणि एक भलामोठा खोका. खोका त्यांनी कुणाला उचलू दिला नाही. मला वाटलं, देव असतील. निघाले सिनेमे. समुद्रातून वर येणारी जनावरं, बर्फाखालून जागी होणारी जनावरं, दुसऱ्या ग्रहावरून उतरणारी सहा-सहा डोळ्यांची जनावरं. शिवाय असल्याच गोष्टींची पुस्तकं, वाचून वाचून पानं सुटलेली.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतले पुण्याचे पाहुणे तक्रार घेऊन आले. “तुमच्याकडे वाघ पाळलाय का?” त्यांनी विचारलं. मी वर जाऊन दार वाजवलं. डॉक्टरबाईंनी आवाज लगेच कमी केला आणि फार मनापासून म्हणाल्या, “सॉरी वहिनी. पण तो ओरडत नव्हता, कण्हत होता. दात दुखत असणार. वरचा सुळा बघा कसा आहे.”

मी खरंच आत जाऊन सुळा बघितला. तिथून हे सगळं सुरू झालं.

रविवारी दुपारी पाहुणे निघून गेले की जेवणघर मोकळं असायचं. डॉक्टरबाईंनी प्रोजेक्टर आणला, मी भिंतीला पांढरी चादर लावली. आमचे हे म्हणाले, “लॉज आहे की सर्कस?” पण मागच्या खुर्चीवर येऊन बसायला लागले. डॉक्टरबाईंना गावोगाव घेऊन फिरणारे रिक्षावाले हमीदभाई हे पहिल्या दिवसापासूनचे प्रेक्षक. रिमोट त्यांच्याकडे. दुसऱ्या हिराबाई. सकाळी मासळी विकून झाली की टोपली पालथी घालून त्या दाराशी बसायच्या. इंग्रजी आम्हाला कुणालाच धड कळत नव्हतं. डॉक्टरबाई मधूनमधून सांगायच्या, पण माणसं काय बोलतायत ते त्या फारसं सांगायच्या नाहीत. “ती काय, नेहमीचंच बोलतायत,” म्हणायच्या, आणि जनावर काय म्हणतंय ते सांगायच्या.

एकदा अंतराळयानाचा सिनेमा होता. वर्षानुवर्षांचा प्रवास, यानात शास्त्रज्ञ, पायलट, माणसांचा डॉक्टर, सगळे. मग एक परग्रहावरचं जनावर यानात शिरतं आणि सगळ्यांची पळापळ होते.

“थांबवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एवढ्या लांब चाललेत आणि एकालाही सुचलं नाही, की बरोबर गुरांचा डॉक्टर घ्यावा.”

“तुमी जाल?” हिराबाईंनी विचारलं.

“उद्या सकाळी.”

“न् थंय खाल काय? मासली हाय का वर?”

“गोळ्या असतात. एक घेतली की जेवण झालं.”

हिराबाईंनी तोंड वाकडं केलं. “मंग नको जाव.”

आणखी एक गोष्ट होती. सिनेमा संपत आला, की डॉक्टरबाई उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला जायच्या. मला वाटायचं, आमच्यासाठीच. एकदा मी म्हटलं, “तुम्ही बघा हो शेवट, चहाचं मी बघते.” तर म्हणाल्या, “शेवटाला बंदुका असतात, वहिनी. मला नको.” चहाला उकळी येईपर्यंत त्यांनी सांगितलं, की लहानपणी वडिलांबरोबर जत्रेतल्या तंबूत असलाच एक सिनेमा त्यांनी बघितला होता. शेवटी जनावर मरतं तेव्हा सगळा तंबू टाळ्या वाजवत होता आणि ही एकटी पोर हमसून रडत होती. वडिलांनी विचारलं, भीती वाटली का? “मी सांगितलं, भीती नाही वाटली, त्याचं दुखतंय. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, हिला शिकवू या.”

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मी साखर घालायची विसरले.

त्यांच्या आमच्याकडच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारच होता, सिनेमा रंगात आला होता. हमीदभाई त्या दिवशी आले नव्हते. सुट्टीची गर्दी म्हणून बीचवर रिक्षा लावून बसले होते. अचानक ते धापा टाकत दारात उभे राहिले.

“डॉक्टरबाई, चला. बीचवर उंट पिसाळलाय. लोक मारून टाकतील त्याला.”

तुम्ही आमच्या किनाऱ्यावर आला असाल तर ते उंट पाहिले असतील. पाठीवर झालरी, गळ्यात घुंगरं, पोराबाळांना बसवून चक्कर मारून आणतात. त्यांतल्याच एका नराने आपल्या मालकाच्या दंडाचा लचका तोडला होता आणि खोगीर फेकून देऊन तो गर्दीत घुसला होता. आम्ही सगळे रिक्षात कोंबून गेलो. हिराबाईसुद्धा.

गेलो तर जे दिसलं ते त्या चादरीवरच्या कुठल्याही राक्षसापेक्षा भयंकर होतं. उंटाच्या तोंडाला फेस, डोळे तारवटलेले, मानेवरून काळं काहीतरी ओघळतंय, आणि तोंडाच्या बाजूने लालभडक फुग्यासारखा मांसाचा गोळा बाहेर लोंबतोय. घशातून बुडबुड असा आवाज. सुरूच्या झाडांकडे त्याला लोकांनी कोंडलं होतं. पोरांच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात लोखंडी पहार. बाकीचे मोबाईल धरून उभे. दगड चालू होते. एक दगड त्याच्या डोळ्याखाली लागला आणि तो ओरडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

“पिसाळलाय, चावला तर माणूस मरंल,” पहारवाला सांगत होता.

डॉक्टरबाई पुढे झाल्या. “पिसाळलेला नाही. नर आहे, थंडीत मस्तीला येतो. तो लाल फुगा म्हणजे त्याच्या टाळूचा मऊ भाग आहे, मादीला दाखवायला बाहेर काढतो. दगड खाली टाका.”

कोण ऐकतो? बुटकी, सावळी, चष्मेवाली बाई. कुणीतरी हसलंही. तेव्हा हिराबाई कमरेवर हात ठेवून गर्दीच्या आणि उंटाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बाजारात कमावलेला.

“ए पोरांनू, ऐकू येत न्हाय का? त्यो घाबरलाय. मागं व्हा. खाली बसा सगली.”

हिराबाईंच्या आवाजाला मुरुडमध्ये कुणी उलट बोलत नाही. माणसं मागे सरली. हमीदभाईंनी जाऊन स्टॉलवरचं गाणं बंद करायला लावलं. आमचे हे, जे उंदराला घाबरतात, ते हात पसरून पाहुण्यांना अडवत उभे राहिले. बघता बघता वाळूत शेकडो माणसं खाली बसली, आणि उंटाला पहिल्यांदाच चारही बाजूंना मोकळं दिसलं. तो जागच्या जागी थांबला. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

डॉक्टरबाईंनी पेटीतून सुई भरली आणि बाजूने, तिरक्या चालत निघाल्या. त्याच्याशी बोलत होत्या. आमच्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या. तेव्हा मात्र त्यांच्या गावाकडचं बोलत होत्या. “उगी माय, उगी. कुणी काई करत नाई तुला. लई छळलं का रे राजा?” उंटाचा कान त्यांच्याकडे वळला. त्या अगदी अंगाला भिडल्या, हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि मानेत सुई टोचली. पुढच्या क्षणी त्याने मान फिरवली, आणि डॉक्टरबाई बाहुलीसारख्या उडून वाळूत पडल्या.

गर्दी उठली. पहारवाला पुढे धावला.

“बसा,” डॉक्टरबाई पडल्या जागेवरून म्हणाल्या. मोठ्याने नाही. पण तो पोरगा बसला.

औषध चढायला वेळ लागला. मग उंटाची मान हळूहळू खाली आली, पुढचे गुडघे दुमडले, आणि तो मोठा सुस्कारा टाकून वाळूत बसला. मालक दंडाला फडकं बांधून रडत होता. डॉक्टरबाईंचा डावा हात लोंबत होता, चेहरा पांढराफटक पडला होता, पण लक्ष उंटाकडेच. “मान सरळ धरा त्याची. पडू देऊ नका, पोटातलं वर येऊन श्वासात गेलं तर मरेल.” एका बाजूने मालकाने आणि दुसऱ्या बाजूने हिराबाईंनी मान धरली. हिराबाईंच्या नव्या लुगड्यावर सगळा फेस. त्या मला म्हणाल्या, “लई गरम हाय गो यो.”

दवाखान्यात नेताना रिक्षात मी त्यांना रागावले. “तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?”

डॉक्टरबाई डोळे मिटून बसल्या होत्या. “घाबरले होते हो मी,” त्या म्हणाल्या. “फक्त त्याला कळू दिलं नाही.”

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात झोळीत गेला. पण खरी गंमत पुढे. उंटाला बीचवर ठेवायची सोय उरली नाही, म्हणून त्यांनी तो आणि त्याचा मालक, दोघांनाही आमच्या वाडीत आणून ठेवलं. थंडी सरेपर्यंत उंट नारळाला बांधलेला, तोंडाला जाळी. खिडकीखाली बुडबुड, बुडबुड. पाहुणे विचारायला आले की आमचे हे फार ऐटीत सांगायचे, “काही नाही, टाळूचा मऊ भाग आहे.”

डोळ्याखालची जखम भरून आली. फाल्गुनात तो गरीब गाय झाला आणि मालकाच्या मागून मान हलवत बाहेर पडला. तो पहारवाला पोरगा एका रविवारी जेवणघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. डॉक्टरबाईंनी त्याला खुर्ची दाखवली, एवढंच.

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. त्यांनीच मागितली होती. आई थकली होती आणि गावाजवळची जागा मिळत होती. आता त्या खोलीत पाहुणे उतरतात. वाडीकडची खोली शांत आहे का, असं विचारतात, आणि मी हो म्हणते. मला ते बोलताना बरं वाटत नाही. डॉक्टरबाईंचा फोन येतो. तिकडे समाजमंदिरात त्यांनी पडदा लावलाय. तिथल्या बायका म्हणे फार प्रश्न विचारतात.

पण मला त्या आठवतात त्या जायच्या दिवशीच्या सकाळच्या. एसटीला अवकाश होता. त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, जरा समुद्रावर येता?” आम्ही गेलो. ओहोटी होती. पाण्याच्या कडेशी येऊन त्या थांबल्या, चपला काढल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं आमच्याकडे राहून या बाई कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. बीचवर यायच्या त्या कोरड्या वाळूवरून परत जायच्या.

“आमच्याकडे विहिरीपलीकडे पाणी नाही,” त्या म्हणाल्या. “याचं टोक दिसत नाही ना, म्हणून जमत नाही.”

मी हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला, इतका की माझी बांगडी रुतली. एक लाट आली, घोट्यापर्यंत चढली, पायाखालची वाळू घेऊन परत गेली. त्यांनी श्वास रोखला होता. थोड्या वेळाने त्यांनी सलवार गुडघ्यापर्यंत वर धरली, पुढे बघितलं आणि आणखी एक पाऊल टाकलं.