विगखालचं टक्कल

हॉलिवूडमध्ये सुरुवातीच्या काळात नायिकेला घोड्यावरून पाडायचं असलं की एखाद्या पुरुषालाच झगा आणि विग चढवत. ऑर्ला टिब्स ही उनाड घोडे वठणीवर आणणाऱ्या बापाची लेक, पण सिनेमात तिला मात्र गर्दीच्या दृश्यातच उभं करत.

त्या दिवशी नायिकेच्या झग्यातला क्लेम नावाचा गडी घोड्यावरून दोनदा पडला आणि दोन्ही वेळा विग उडून त्याचं टक्कल चमकलं.

"दुसरा माणूस आणा रे!" दिग्दर्शक खेकसला.

"माणूस कशाला? माझे केस ओढून बघा, निघतात का!" ऑर्ला तडकली आणि घोड्यावर चढलीसुद्धा. ती भरधाव आली, धाडकन पडली आणि झगा झटकत उठली.

"झकास! पण अगं, मान मोडली असती म्हणजे?" दिग्दर्शक म्हणाला.

"क्लेमची मोडली असती, तर दुसरा माणूस आणला असतात ना? माझी मोडली, तर दुसरी बाई आणा!"