नवसागराची पुडी

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या बॅटरीच्या दुकानाला दम खायला वेळ उरला नाही. नव्या नव्या कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना जिपा आल्या, आणि आमच्या उन्हात जिपांच्या बॅटऱ्या पटापट मान टाकू लागल्या. त्यात दुष्काळ. पाण्याचे टँकर दिवसभर पळायचे, बंद पडायचे आणि आमच्या दारात येऊन उभे राहायचे. दुकानात माणसं दोनच, मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा. मी तेव्हा दोन लेकरांचा बाप होतो, तरी अण्णाच्या लेखी मी हाताखालचा गडीच. मला त्याचा राग यायचा. आता राग धरायचाही कंटाळा येतो.

बॅटरीची झिजलेली टर्मिनलं नव्यानं ओतायची, हे आमचं मुख्य काम. भट्टीवर लोखंडी कढई, कढईत शिसं. शिसं वितळलं की दुधासारखी त्यावर साय धरते, फक्त ही करडी आणि विषारी. ती तशीच काढून टाकली तर तिच्याबरोबर निम्मं चांगलं शिसंही जातं. म्हणून आधी काहीतरी टाकून ढवळायचं, म्हणजे चांगलं शिसं खाली सुटतं आणि वर नुसती कोरडी राख उरते. हे ‘काहीतरी’ काय असावं, यावरच आमचं घोडं अडलं.

अण्णा हे काम नांदेडला एका उस्तादाकडे शिकला होता. उस्ताद चरबी वापरायचा. सुपारीएवढा तुकडा कढईत टाकायचा, धूर निघाला की काडी लावून तो पेटवून द्यायचा, आणि वाऱ्याकडे पाठ करून ढवळायचा. पण आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, घरात मांस-चरबी वर्ज्य. दुकानाच्या भिंतीला भिंत लागून घर, आणि त्या भिंतीपलीकडे आईचं देवघर. तिथं चरबीचा वास गेला असता तर आईनं अन्न सोडलं असतं. मग अण्णानं डोकं चालवलं. कल्हईवाला भांड्याला नवसागर लावतो, भांडं लख्ख होतं, तर शिशाला का चालणार नाही?

चालायचा, हे खरं. पण पांढरा धूर असा उठायचा की दिवसभर डोळे चुरचुरायचे आणि जेवताना घास कडू लागायचा. उस्तादानं सांगितलं होतं की शिशाचे हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत आम्ही एका तांब्यात दोघांचे हात धुवायचो आणि तेच पाणी झाडाला टाकायचो.

घरातली पाण्याची पिंपं दुकानातच ठेवलेली होती, कारण तिथं सावली होती आणि दाराला कुलूप होतं. पिंपांवर ओली पोती टाकलेली असायची. त्यांच्यावरच्या फळीवर नवसागराची पुडी. आज लिहिताना हे वाचून मलाच माझ्या अकलेची कीव येते, पण तेव्हा जागाच तेवढी होती. नवसागर ओल धरतो, त्याचे खडे होतात. अण्णाला हे ठाऊक होतं. म्हणून तो रोज सकाळी पुडी पत्र्यावर ओतून भट्टीच्या कडेला तापवायचा, पळीसुद्धा तापवल्याशिवाय शिशात बुडवायचा नाही. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला की त्याची एका क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून तोंडावर येतं. हे मलाही ठाऊक होतं, अण्णानं शंभरदा ऐकवलं होतं.

त्या दिवशी जळकोटच्या बाजूला निघालेला भरलेला टँकर आमच्या दारात बंद पडला. ड्रायव्हर डोक्यावर उभा. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन टँकरभोवती जमलेल्या, आणि ड्रायव्हर त्यांना परत परत सांगत होता की हे पाणी गावाचं आहे. सकाळपासूनची ती आमची सहावी बॅटरी होती. माझी कंबर मोडली होती, आणि जरा वेळापूर्वीच अण्णानं मला ड्रायव्हरसमोर झापलं होतं. आदल्या वेळचा तापवलेला नवसागर संपला होता. अण्णानं कढईवरची नजर न काढता हात मागं केला. मी फळीवरची पुडी उघडली.

“कोरडा हाय का?” अण्णानं विचारलं.

“हाव,” मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं. खडा बोटाला गार लागला होता, तेवढं आठवतं. पत्रा घ्या, तापवा, थांबा, याचा मला वीट आला होता. अण्णानं खडा टाकला आणि पळीनं खाली दाबला.

आवाज फटाक्यासारखा झाला. अण्णा तोंड धरून मागं आदळला. एक बाई धावत आत आली, तिनं पिंपातून बादली भरली आणि धूर दिसतोय तिकडे, कढईवर, उचलली. डोळे मिटलेल्या अण्णानं बादली भरल्याचा आवाज ओळखला असावा.

“पाणी नको,” तो ओरडला. “भाईर न्या मला, पाणी भाईर.”

बाई जागीच थांबली. ती बादली कढईत गेली असती तर मी आज हे लिहीत नसतो. आम्ही त्याला टँकरच्या नळाखाली नेलं. ड्रायव्हरनं काही न विचारता नळ सोडला. अण्णाच्या तोंडावरून पाणी मातीत वाहत होतं, बराच वेळ वाहत होतं, आणि भोवती उभ्या असलेल्या एकाही बाईनं त्याखाली घागर धरली नाही. त्या बायकांचं ऋण माझ्यावर आहे.

अण्णाचा डावा डोळा गेला. मी नांदेडला उस्तादाकडे गेलो. त्यानं हालहवाल नंतर विचारली, आधी विचारलं की कढईत काय टाकलं होतं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, चरबी चालत नव्हती तर मेण टाकायचं, मेणबत्तीचा तुकडा, काम तेच करतो, ओलही धरत नाही. लाईट रोज जायची, त्यामुळे मेणबत्त्यांची थोटकं आमच्या ड्रॉवरमध्ये ढिगानं पडलेली होती.

अण्णानं कुणालाही माझं नाव सांगितलं नाही. आईला, डॉक्टरांना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना एकच: “माझीच घाई नडली.” मीही कधी तोंड उघडलं नाही. त्याला माहीत नसावं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

पुढं वीस वर्षं आम्ही त्याच कढईवर काम केलं, चष्मा लावून, मेण वापरून. तो हात मागं करायचा, मी त्यावर थोटूक ठेवायचो. कोरडं आहे का, हे त्यानं मला पुन्हा कधीच विचारलं नाही. ते थोटूक तो डोळ्यासमोर धरायचा, मग अंगठ्यानं चारही बाजूंनी चाचपायचा आणि मगच कढईत टाकायचा. मेण ओल धरत नाही, हे त्यालाही माहीत होतं.