पहिली निवड

माझ्या पोटच्या मुलीला मी सगळ्यांदेखत कुलकर्णींच्या टीमला देऊन टाकलं, आणि वर त्यांना चहाही पाजला.

आमच्या कॅल्गरीच्या मंडळात मुलींच्या बास्केटबॉलच्या दोन टीम आहेत. एक कुलकर्णींची, एक माझी. (माझी पात्रता म्हणजे माझ्याकडे आठ सीटांची गाडी आहे.) दरवर्षी चिठ्ठ्या काढायचो आणि दरवर्षी आमची सई नेमकी कुलकर्णींकडे जायची. यंदा तिचं शेवटचं वर्ष, सप्टेंबरात ती युनिव्हर्सिटीला सस्काटूनला निघणार. एकदा तरी बाबाच्या टीममधून खेळायचं, हे तिच्या मनात होतं.

म्हणून तिनेच मंडळाच्या गळी उतरवलं की यंदा बायकांच्या व्यावसायिक लीगसारखा ड्राफ्ट करू, म्हणजे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा. तिथे म्हणे हरणाऱ्या टीमना आधी खेळाडू निवडायला मिळतात, म्हणजे दुबळ्यांना जरा बळ येतं. तळातल्यांपैकी पहिला कोण, यासाठी तिथे सोडत काढतात. आमच्यात ती गरज नव्हती. आमचा तळ पक्का होता.

"बाबा, जस्ट से माय नेम. बाकी काही करू नकोस," सईने सकाळी पोहे खाताना बजावलं.

ड्राफ्ट आमच्याच बेसमेंटमध्ये होता. मुली, त्यांचे आईवडील, माझ्या बायकोने, मृणालने, केलेले साबुदाणा वडे. मी उभा राहिलो आणि घात झाला. आपलं घर, समोर पाहुणे, आणि पहिलं नाव आपल्याच पोरीचं? बरं दिसतं का ते? सई काय, घरचीच आहे, घरचे शेवटच्या पंगतीला बसतात! मी जोशींच्या रेवाचं नाव घेतलं. (रेवा वड्यांसाठी आली होती.)

कुलकर्णींनी कपही खाली ठेवला नाही. म्हणाले, "सई."

"अहो, ती आमची आहे," मी हसत म्हणालो.

"होती," कुलकर्णी म्हणाले.

सई मुकाट्याने पलीकडे जाऊन उभी राहिली. एरवी माझ्यावर चिडली की ती इंग्रजीत सुरू होते, त्या दिवशी तेही नाही. मला फार वाईट वाटलं. मृणाल माझ्याकडे बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कुलकर्णींच्या घरी गेलो. लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल चालते, हे सईनेच सांगितलेलं. मी रेवा देऊ केली. नको म्हणाले. रेवा आणि आणखी एक? नको. मग पुढच्या वर्षीची माझी पहिली निवड?

"ती तुम्ही मला अशीही देताच की," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. सई सुटणार नाही, पण पाण्याच्या बाटल्या भरायला माणूस हवाय, तुम्हीच या म्हणाले. माझी टीम जोशी सांभाळायला तयार झाले. माझ्या बदल्यात त्यांना कुणीच मिळणार नव्हतं, तरी ते लगेच हो म्हणाले.

घरी आल्यावर सईला सांगितलं. ती खूप वेळ हसली. "सो, लास्ट राउंड पिक!" म्हणाली, आणि गळ्यात पडली.

पहिल्या सामन्यात मी बाकाच्या टोकाला बाटल्या घेऊन बसलो होतो. मध्यंतराला सई धापा टाकत आली, तिने हात पुढे केला, आणि माझा हात बाटलीसकट आपोआप आधी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या कुलकर्णींच्या मुलीकडे वळला.