भरून परत गेलेल्या दोन वाट्या

सासूबाई येत असल्याचा निरोप मंगळवारी आला आणि गुरुवारी त्या येणार होत्या. मधल्या एका दिवसात मला स्वयंपाक शिकायचा होता.

लग्नाला चार महिने झाले होते. चार महिने आमच्या घरात दोन्ही वेळा चवीचं, रोज नवं जेवण होत होतं. नवरा बोटं चाटून जेवत होता आणि गावी पत्रं लिहून माझ्या हाताचं कौतुक करत होता. तरीही मला स्वयंपाक येत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कशा ते सांगते. आता पंचेचाळिशी उलटल्यावर सांगायला हरकत नाही, आणि ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना सगळं केव्हाच कळलेलं आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरी म्हणजे स्टेशन, नवा कारखाना, सिंधमधून आलेल्यांचा कॅम्प आणि मधे भरपूर माळ. कारखान्याच्या कामगारांसाठी बैठ्या खोल्यांच्या रांगा बांधल्या होत्या. त्यातल्या एका रांगेत मधली खोली आमची. डाव्या हाताला चिपळूणकडच्या एक काकू, उजव्या हाताला कॅम्पातून आलेल्या एक सिंधी भाभी. काकूंना हिंदीचा शब्द येत नव्हता, भाभींना मराठीचा. मधे मी, दोन्ही येणारी.

माझी आई मी लहान असताना गेली आणि वडिलांनी मला मुलींच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे रविवारी आम्हा मुलींकडून ढिगाने चपात्या लाटून घेत, म्हणून चपाती येत होती. भात येत होता. भाजी-आमटीच्या पातेल्याजवळ मात्र तिथल्या आचारीणबाईंनी कुणाला कधी फिरकू दिलं नव्हतं.

सासर निघोजे गावाच्या पलीकडे. घरी शेती, दोन म्हशी, आणि कामाला माणूस कमी. लग्नाच्या मांडवातच सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चार म्हयने ऱ्हा त्याच्यासंगं. मग मी येऊन बघनार. पोराला घरचं नीट खायाला मिळत आसंल तर ऱ्हा तिथंच. न्हाईतर खानावळ हायच की त्याला, तू चल घरी." त्यात धमकी नव्हती. व्यवहार होता. चाळीतल्या निम्म्या पुरुषांच्या बायका गावीच होत्या, आणि ते आठवड्याला एकदा गावी जाऊन येत. मला आठवड्याला एकदा नवरा नको होता.

आता युक्ती. चाळीत शेजारून वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही, हा नियम. माझ्या पहिल्याच आठवड्यात काकूंकडून वालाचं बिरडं आलं. परत काय घालू म्हणून मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात भाभींनी पालक, चुका आणि हरभऱ्याची डाळ एकत्र घोटलेली हिरवी भाजी आणून दिली. मी निम्मी भाजी काकूंच्या वाटीत घातली, निम्मं बिरडं भाभींच्या. उरलेलं दोन्ही नवऱ्याच्या ताटात. झालं. चार महिन्यांचा संसार त्या क्षणी उभा राहिला.

काकूंनी विचारलं, "अगं, काय सुरेख. हे कसं केलंस?" मी नळावर भाभींना विचारून घेतलं आणि काकूंना सांगितलं, अगदी हातवारे करून, चुका कधी घालायचा, लसूण किती लाल करायचा. भाभींना वाल मोड आणून सोलायचे कसे ते शिकवलं, काकूंच्याच शब्दांत. काकू वरणाला भाभींसारखी लसणीची चरचरीत फोडणी द्यायला लागल्या, भाभी डाळीत ओलं खोबरं घालायला लागल्या, आणि दोघी मला सुगरण म्हणायला लागल्या. कृती माझ्या तोंडपाठ होत्या. हातांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

बुधवारी शिकवा म्हणायचं तर दोघींना सगळं सांगावं लागलं असतं, तो धीर झाला नाही. गुरुवारी सासूबाई बाजरीचं गाठोडं घेऊन आल्या आणि शेगडीजवळच पाट टाकून बसल्या. चार दिवस राहणार होत्या. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, बाहेर ओट्यावर ऊन छान आहे." त्या म्हणाल्या, "ऊन गावाला बी हाय."

कशीबशी अकराला त्यांना अंघोळीला पाठवली आणि मागच्या खिडकीतून काकूंची वाटी घेतली. बिरडं पातेल्यात ओतलं, वर पाणी शिंपडलं, शेगडीवर ठेवून जोरजोरात ढवळायला लागले. बोर्डिंगातल्या नाटकात मी राणीचं काम केलं होतं, पण त्या दिवशीच्या ढवळण्याइतकं मन लावून नाही.

जेवताना सासूबाईंनी घास घेतला, चावला, आणि म्हणाल्या, "ओलं खोबरं हाय ह्यात."

"हो."

"नारळ कुठं फोडलास? करवंटी दिसंना कुठं."

"शेगडीत घातली. छान जळते."

जेवण झाल्यावर त्या चिमटा घेऊन शेगडीची राख उकरत बसल्या. मी भांडी घासत होते आणि पाठीला डोळे फुटल्यासारखी त्यांच्याकडे बघत होते. "करवंटीचा कोळसा ऱ्हातो मागं," त्या राखेला म्हणाल्या. "दिसला न्हाई." मग चिमटा जागेवर ठेवला. एवढंच.

शुक्रवार त्यांच्या डुलकीच्या आधारावर निभावला. संध्याकाळी नवऱ्यानेच घात केला. पहिली पाळी करून आला, आईसमोर जेवायला बसला आणि म्हणाला, "आई, तू हिची ती हिरवी भाजी अजून खाल्ली नाहीस. तशी आपल्याकडे कुणी करत नाही."

"आसं?" सासूबाई म्हणाल्या. "मग उद्या सांच्याला कर गं. मी बसते हितं. करताना बघायची हाय मला."

शनिवार उजाडला. संध्याकाळपर्यंत भाभींकडून ती भाजी खरोखर शिकायची, एवढाच मार्ग होता, आणि दुपारी नळावर त्या भेटणार होत्या. पण बाराच्या सुमाराला मागच्या खिडकीतून दोन्ही वाट्या एकदमच आल्या. काकूंचं बिरडं, भाभींची हिरवी भाजी. मी दोन्ही फळीवर ठेवून ताटल्यांनी झाकते न झाकते तोच सासूबाई आत आल्या.

"ह्या वाट्या कुनाच्या?"

"शेजारच्यांच्या. परत द्यायच्या आहेत."

"आन् आत?"

"मीच केलंय. रिकाम्या कशा द्यायच्या."

"कवा केलंस?"

"तुम्ही ओट्यावर होतात तेव्हा." तेवढ्यात नळाला पाणी आल्याचा गलका झाला. पाणी तासभरच असे. मी दोन कळश्या उचलल्या आणि सुटले.

नळावर रांगेत उभी राहून मी भाभींची वाट बघत होते. चुका आधी की पालक, डाळ किती शिजलेली, घोटायचं रवीनं की पळीनं, सगळे प्रश्न मनात लावून ठेवले होते. भाभी रोज सगळ्यांत आधी नळावर यायच्या. त्या आल्या नाहीत. काकू आल्या, कमरेवर घागर, चेहऱ्यावर हसू आणि त्यामागे काहीतरी.

"काय गं, वाल कडू निघाले का माझे?"

"नाही, का?"

"तुझ्या सासूबाई स्वतः येऊन वाटी देऊन गेल्या. ही तुमची का म्हणाल्या, मी हो म्हटलं. झाकण काढलं तर माझंच बिरडं. बोटसुद्धा न लावलेलं."

माझ्या हातातली कळशी नळाखाली भरून वाहत होती. सासूबाईंनी मला मदत केली होती. सुनेने शेजारणींसाठी केलेलं अन्न गरम असताना पोचवावं, म्हणून त्या दोन्ही दारांवर जाऊन, विचारून, जिची तिला वाटी देऊन आल्या होत्या.

"आणि भाभींची?" मी विचारलं.

"तिकडेच गेल्या की नंतर."

मी कळश्या तिथेच ठेवून परत आले. भाभींचं दार दिवसा कधी लावलेलं नसे. ते लावलेलं होतं. मी हाक मारली, दोनदा मारली, तेव्हा अर्धं उघडलं. भाभींच्या हातात ती वाटी होती, वर माझ्याच घरची ताटली.

"तेरी सास आयी थी," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छे से बोली. हाथ में दे के गयी."

"भाभी, ऐका ना, सुनो."

"पहले साल कॅम्प के बाहर जिस घर में देती थी, ऐसे ही आता था वापस. ढका हुआ. मैंने देना छोड़ दिया था. फिर तू आयी." त्यांनी वाटीकडे बघितलं. "तू खाती थी ना? या तू भी फेंकती थी?"

मी मागे वळून आमच्या दाराकडे बघितलं. सासूबाई ओट्यावर आल्या होत्या, पदर खोचून, आमच्याकडे बघत.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं. "न्हाई आवडलं व्हय त्या बाईला तुझ्या हातचं?"

एक वाक्य पुरलं असतं. तिखट लागलं त्यांना, एवढं म्हटलं असतं तरी मी सुटले असते. भाभींना मराठी कळत नव्हती, सासूबाईंना हिंदी. दोघींच्या मधे पुन्हा मीच होते, चार महिने होते तशी. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि भाभींनी दार ओढून घ्यायला सुरुवात केली.

मी दाराच्या फटीत पाय घातला. अंगठा चेचला, अजून त्या नखाचा आकार वाकडा आहे. तशीच उभी राहून मी आधी सासूबाईंना मराठीत सांगितलं, मग भाभींना हिंदीत. पहिल्या दिवशीच्या बिरड्यापासून करवंटीपर्यंत. दोन भाषांत दोनदा अब्रू घालवायची पाळी माझ्याखेरीज चाळीत कुणावर आली नसेल. मधे काकू घागर घेऊन पोचल्या आणि "काय झालं?" म्हणाल्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मराठीत.

मग सासूबाई ओट्यावरून उतरून माझ्यासमोर आल्या.

"म्हंजी चार म्हयने माझं पोरगं ह्यांच्या दोघींच्या हातचं खातंय."

"हो."

"आन् तेच ह्यांचं ह्यांना मी म्हागारी नेऊन दिलं. झाकून."

"हो."

पहिल्या प्रश्नाला त्यांचा चेहरा तसाच होता. दुसऱ्याला उतरला. मला बाजूला सारून त्या भाभींच्या घरात शिरल्या, खाली मांडी घालून बसल्या आणि वाटीसाठी हात पुढे केला. भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. "उनको खाना है," मी म्हटलं. भाभी गडबडीने रोटी करायला वळल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "न्हाई म्हनावं, हीच आशीच दे." गार झालेली ती भाजी त्यांनी बोटांनी पुसून पुसून संपवली. मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं बी आना, बाई." काकू पळतच गेल्या.

दोन्ही वाट्या रिकाम्या झाल्यावर सासूबाई उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "पेटी भर. उद्याच्या यष्टीनं निघायचं."

संध्याकाळी नवरा आला. त्याला चौथ्यांदा सांगताना माझ्याकडे हातवारे उरले नव्हते. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी आईला इतकी पत्रं लिहिली ती कुणाबद्दल?" आणि हसला नाही. हसेल असं मला वाटलं होतं.

दिवाळीपर्यंत मी गावी होते. सासूबाईंनी मला भाकरी थापायला शिकवली, पिठलं शिकवलं, आणि शेवटी मासवडी. नावात मास असलं तरी ती बेसनाची असते. आत तीळ आणि सुकं खोबरं, ओल्या फडक्यावर थापून गुंडाळायची. सात वेळा माझी फुटली. सासूबाई फुटलेली उचलून स्वतःच्या ताटात घेत आणि म्हणत, "परत." नवरा शनिवारी येई आणि सांगे, काकू आणि भाभी आळीपाळीने डबा देतात म्हणून. खानावळ त्याला लागलीच नाही. त्या दोघी आता एकमेकींशी हाताच्या खुणांनी बोलत होत्या.

आठव्या वेळी मासवडी फुटली नाही. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "रविवारी त्याच्यासंगं जा."

पिंपरीला पोचल्यावर मी आधी शेगडी पेटवली. दुपारपर्यंत मासवडी आणि तिचा रस्सा केला. रस्सा थोडा खाली लागला. दोन वाट्या भरल्या आणि मागच्या खिडकीतून न देता पुढच्या दाराने गेले. काकूंनी कौतुक केलं, तोंडावर हात ठेवून हसल्या, वाटीत चार आंबोळ्या घालून परत दिली. भाभींनी दारातच झाकण काढलं, एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले. मी अंगठ्याकडे बघत उभी होते.

"नमक कम है," त्या म्हणाल्या. आत गेल्या, वाटी घासल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. स्वच्छ, ओली आणि रिकामी.

मी वाटीत बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"आज कुछ नहीं मिलेगा," भाभी म्हणाल्या. "आज अपने घर का खा."