पाहिलं आणि वाटलं

आमच्या ठाकुर्लीच्या शाळेतले एक सर रोज फळ्याच्या मधोमध रेघ मारतात. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'वाटलं'. कुणी तक्रार घेऊन आलं की सर खडू पुढे करतात, "कुठे लिहायचं ते तूच ठरव." स्टाफरूममध्ये आम्ही बाकीचे शिक्षक त्यावर हसायचो.

एकदा त्यांच्या तासाला मध्येच शिरून मी एका मुलीकडे बोट दाखवलं. "भिंतीवरचा माझा तक्ता हिनेच फाडलाय!"

सरांनी माझ्याहीपुढे खडू धरला. "लिहा ना, मॅडम."

सगळा वर्ग बघत होता. डावीकडे लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी उजवीकडे तिचं नाव लिहिलं.

सरांनी डस्टर माझ्या हातात दिलं.